कोठी भरलेली दिसते, पण दिवाळीपर्यंत पुरेल का?

पत्र : आम्ही सोलापुरात राहतो. घरात पाच माणसं : आम्ही दोघं, सासूबाई, नववीतला मुलगा आणि पाचवीतली मुलगी. यांच्या टॉवेल कारखान्यात पाळ्या कमी झाल्यात. दूध-भाजी धरून महिन्याला ११,००० रुपये लागायचे, आता दिवाळीपर्यंतचे चार महिने ६,००० मध्ये भागवायचे आहेत. उन्हाळ्यात भरलेलं धान्य घरात आहे : गहू ६० किलो, ज्वारी ४२, तांदूळ १८, तूरडाळ ७, हरभरे ४, मटकी ३, मूग, मसूर, हुलगे दोन-दोन किलो, शेंगदाणे ५, गूळ ३. दीड किलो सांडगे, कुरडया, पापड, काळा मसाला, चिंच, लोणचं आहे. पण गव्हाला किडे लागलेत. मुलं 'रोज तेच' म्हणतात. सासूबाई कुरडया-पापडाला हात लावू देत नाहीत, सणाला लागतील म्हणतात. केशरी कार्डावर धान्य मिळत नाही. कसं करू?
– एक वाचक

ताई,

पत्रात तुम्ही साठ्याची वजनं लिहिलीत, हे फार बरं केलंत. 'घरात भरपूर आहे' एवढंच लिहिलं असतं, तर आम्हालाही मोघमच उत्तर द्यावं लागलं असतं.

आधी धान्य बघू. मालकांना आणि नववीतल्या मुलाला दिवसाला साधारण साडेतीनशे ग्रॅम धान्य लागतं, तुम्हाला पावणेतीनशे, सासूबाईंना दोनशे, मुलीला सव्वादोनशे. म्हणजे घराला रोज १ किलो ४०० ग्रॅम, महिन्याला ४२ किलो आणि चार महिन्यांना १६८ किलो. घरात आहे १२०. कोठी डोळ्यांना भरलेली दिसली तरी ४८ किलो कमी आहे. हे आत्ता लक्षात आलं नाही, तर सप्टेंबरअखेर धान्यही संपेल आणि सणाच्या तोंडावर सगळं एकदम विकत घ्यावं लागेल. घरातलं संपेपर्यंत काही आणायचंच नाही, या बेतात नेमकी हीच फसगत होते. म्हणून पहिल्या महिन्यापासून दरमहा साडेसात किलो गहू आणि साडेचार किलो तांदूळ विकत घ्या. ज्वारी घेऊ नका, आहे ती पुरते.

डाळी-कडधान्याचं गणित याहून नाजूक आहे. माणशी सरासरी ७० ग्रॅम धरले तर पाच जणांना रोज ३५० ग्रॅम, महिन्याला साडेदहा किलो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत मोठ्या माणसाच्या दिवसाच्या ताटात सुमारे ८५ ग्रॅम डाळी-कडधान्य धरलं आहे, तेव्हा सत्तरच्या खाली येऊ नका. चार महिन्यांना ४२ किलो हवं, तुमच्याकडे सगळं मिळून २० किलो आहे. दरमहा साडेपाच किलो आणावं लागेल : मसूरडाळ दोन किलो, हरभराडाळ दोन, मूगडाळ एक, चवळी अर्धा. तूरडाळ विकत घेऊ नका. घरातली सात किलो वरण-आमटीपुरतीच ठेवा, आणि आमटीला निम्मी तूर आणि निम्मी मसूर घाला. मसूर लवकर शिजते आणि आमटी दाटही होते.

आता पैसे. भाव गावोगाव आणि आठवड्याआठवड्याला बदलतात. पुढचे आकडे हिशोबापुरते धरलेत, तुमच्या दुकानाच्या भावाने दुरुस्त करून घ्या. रोज एक लिटर दूध ५६ रुपयांनी १,६८०. भाजी, कांदे, लसूण, लिंबू मिळून रोजचे ६० म्हणजे १,८००. गहू-तांदूळ ५००. डाळी-कडधान्य ५५०. तेल तीन लिटर ४५०. साखर दीड किलो आणि पाव किलो चहापत्ती १९०. मीठ, मोहरी, जिरे, हळद १५०. पोहे आणि रवा २००. गिरणीचं दळण २५०. बेरीज ५,७७०. गॅस आणि साबण यात नाहीत. उरलेले २३० रुपये त्या महिन्यात खर्चू नका, बाजूला टाका. गौरी-गणपती आणि दसऱ्याला तेच लागतील.

या बेतात निम्म्याहून जास्त पैसा दूध आणि भाजीवर जातो, आणि तो तसाच जाऊ द्या. धान्य आणि डाळी कोठीत आहेत, दूध आणि हिरवा पाला कोठीत ठेवता येत नाही. ओढाताणीच्या दिवसांत बहुतेक घरांत पहिली कात्री दुधा-भाजीवर चालते आणि बिस्किटांचे दहा-दहा रुपयांचे पुडे चालूच राहतात. रोज दोन पुडे म्हटले तरी महिन्याचे ६०० होतात, म्हणजे तुमच्या सगळ्या डाळींपेक्षा जास्त.

किडक्या गव्हाचं काम मात्र याच आठवड्यात उरका, कारण पावसाळी हवेत किडे झपाट्याने वाढतात. सगळा गहू एकदम उपसू नका. दहा-दहा किलो चादरीवर पसरा आणि आधी वास घ्या. कुबट किंवा आंबूस वास, हिरवट-काळी बुरशी, एकमेकांना चिकटलेले गोळे दिसले तर तेवढा गहू टाकून द्या. धुऊन, भाजून किंवा दळून बुरशीचं विष जात नाही, आणि तो जनावरांनाही घालू नका. नुसती भोकं पडलेली असतील आणि तपकिरी-काळे सोंडे फिरत असतील, तर गहू वाचवता येतो. चाळणीने चाळून किडे आणि पिठूळ भुसा काढा, मग सुपात पाखडा. पोकळ झालेले दाणे हलके असतात, ते पुढे येऊन बाहेर पडतात. यात दोन-तीन किलोची घट येईल, ती धरून चाला.

एवढं करूनही महिन्याभरात किडे परत दिसतील, तेव्हा घाबरू नका. सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते, त्यामुळे चाळताना वरचे किडे जातात आणि आतली पिल्लावळ राहते. ती बाहेर यायला साधारण चार-पाच आठवडे लागतात. म्हणून तीन-साडेतीन आठवड्यांनी पुन्हा चाळायचं, आणि मग आणखी एकदा. मध्ये कडक ऊन पडलं तर गच्चीवर इंचभर जाडीचा थर देऊन चार-पाच तास वाळवा, पण लगेच डब्यात भरू नका. गरम गहू झाकला की डब्याच्या आतल्या अंगाला घाम धरतो आणि चार दिवसांत वरच्या थराला बुरशी येते. सावलीत पूर्ण गार होऊ द्या. दोन दाणे दाताखाली धरले की कट्‌कन तुटले पाहिजेत. दाणा दबला तर ओल आहे, पुन्हा वाळवा. पावसाळ्यात गहू धुऊन ठेवायच्या फंदात पडू नका.

भरताना मोठ्या कोठीपेक्षा दहा-पंधरा किलोचे घट्ट झाकणाचे डबे बरे. ते काठोकाठ भरा. रोज एकच कोठी उघडली की रोज दमट हवा आत जाते. छोट्या डब्यांमुळे एक उघडा राहतो आणि बाकीचे बंद राहतात. सावलीत खडखडीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला मध्ये-मध्ये घालायला हरकत नाही, पण त्याने किडे मरतील अशी आशा नको, तो फार तर नव्या किड्यांना जरा लांब ठेवतो. ओला पाला तर घालूच नका. आणि कुणी सेल्फॉसची गोळी सुचवली तर साफ नाही म्हणा. हवेतल्या ओलाव्याने तिच्यातून फॉस्फिन नावाचा विषारी वायू सुटतो. राहत्या घरात तो माणसांचा जीव घेतो, आणि असे मृत्यू झालेले आहेत.

कडधान्याचा भुंगा वेगळा. अख्ख्या हरभऱ्यावर, मटकीवर, मुगावर, चवळीवर पांढरे ठिपके चिकटलेले दिसले तर ती त्याची अंडी. फुटलेल्या डाळीला तो फारसा लागत नाही. घरात फ्रिज असेल तर ही कडधान्यं पिशव्यांत घट्ट बांधून पाळीपाळीने बर्फाच्या कप्प्यात पाच-सहा दिवस ठेवा. कप्प्यात बर्फ नीट जमत असेल तरच उपयोग होतो. बाहेर काढल्यावर पिशवीचा गारवा पूर्ण जाईपर्यंत ती उघडू नका, नाहीतर दाण्यांना पाणी सुटतं. फ्रिज नसेल तर हुलगे आणि हरभरे मंद आचेवर पाच-सहा मिनिटं कोरडे भाजून घ्या. मटकी आणि मूग भाजू नका, मोड यायचे नाहीत. ती दोन्ही पहिल्या दोन महिन्यांतच संपवून टाका आणि तूर मागे ठेवा, महिन्याची बेरीज साडेदहा किलो राहिली म्हणजे झालं. तूरडाळीला किलोला एक लहान चमचा एरंडेल चोळून ठेवा, शिजवताना कोमट पाण्याने दोनदा धुवा.

रोजच्या वापराचं धान्य कोठीतून काढत बसू नका. दर दहा दिवसांनी एकदाच काढा : गहू साडेसात किलो, ज्वारी साडेतीन, तांदूळ तीन. दहावा दिवस उजाडायच्या आत संपलं तर कुठे जास्त गेलं ते लगेच कळतं, महिनाअखेरीची वाट बघावी लागत नाही. गव्हाचा जो डबा जास्त किडका, तो आधी दळायला जाऊ द्या. ज्वारीही दहा दिवसांपुरतीच दळा. पीठ जुनं झालं की विरी जातं आणि भाकरी थापताना कडेने फाटते. तसं झालंच तर थोड्या पिठाची उकड काढून त्यात बाकीचं पीठ मळा, भाकरी जमते. हरभराडाळीतली एक किलो त्याच दळणासोबत दळून आणा. घरचं बेसन दुकानातल्यापेक्षा स्वस्त पडतं आणि भेसळीची धास्ती राहत नाही. दीडशे ग्रॅम बेसनाचं पिठलं पाच जणांना पोटभर होतं.

आता मुलांचं 'तेच ते'. तुमचं सोलापूर या बाबतीत श्रीमंत आहे. दुपारी वरण असेल तर दीडशे ग्रॅम डाळ, रात्री उसळ असेल तर दोनशे ग्रॅम कोरडी मटकी, हे रोजचं माप. या मापातच पदार्थ फिरवायचे. मटकी रात्री भिजत घाला, सकाळी उपसून फडक्यात बांधा, संध्याकाळपर्यंत मोड येतात आणि भांडं तिप्पट भरतं. मोड आलेली उसळ दाट केलीत तर दुसऱ्या दिवशी मुलाच्या डब्याला पोळीत भरून देता येते. हुलगे भाजून दळलेत तर शंभर ग्रॅम पिठाचं माडगं घरादाराला होतं, सासूबाईंना चावायला त्रास होत असेल तर त्यांना ते सोसेलही. त्याच पिठात थोडं ज्वारीचं पीठ मिसळून शेंगोळे करा. एखाद्या रात्री दोनशे ग्रॅम ज्वारीच्या कण्या ताकात शिजवा, वर लसणाची फोडणी द्या. हुलग्याचं पीठ गिरणीतून एकदाच अर्धा किलो दळून आणलंत की महिन्याचं काम झालं.

शेंगदाणे पाच किलो आहेत, म्हणजे महिन्याला सव्वा किलो. आठवड्यातून दोनदा शंभर-शंभर ग्रॅमची शेंगांची आमटी, महिन्यातून एकदा पाव किलोची चटणी, उरलेले दोनशे ग्रॅम कोशिंबिरीला. चटणीला दाणे मंद आचेवर खमंग भाजा, पंधराएक लसूण पाकळ्या, दोन चमचे तिखट आणि मीठ घालून तेल सुटेपर्यंत उखळात कुटा. मिक्सरला लावायची तर थांबून थांबून फिरवा, सलग फिरवली की लगदा होतो. ही चटणी भाकरीवर असली की कोरड्यासाला वेगळं तेल लागत नाही, म्हणूनच महिन्याचं तेल तीन लिटरवर ठेवलं आहे. भाजण्याआधी दाणे निवडा. काळपट, सुरकुतलेले, बुरशी धरलेले दाणे कडू लागतात एवढंच नाही, त्यांच्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष असू शकतं. ते काढून टाकताना हात आखडू नका.

डाळ शिजत नाही ही तक्रार ऑगस्टनंतर येईलच. उन्हाळ्यात साठवलेलं कडधान्य उष्म्याने आणि दमटपणाने कठीण होतं. तूरडाळ शिजवण्याआधी तासभर गरम पाण्यात भिजवा, हरभरे दहा तास. चिंच, आमसूल, टोमॅटो डाळ पूर्ण मऊ झाल्यावरच घाला. आंबटपणा आधी पडला की डाळ बोटचेपी राहते आणि गॅस फुकट जळतो. कुकरमध्ये खाली डाळ आणि वर भाताचं भांडं लावा, एकाच आचेवर दोन्ही होतं.

मुलीच्या शाळेत दुपारचा पोषण आहार मिळत असेल तर ती तो जेवते का, ते तिलाच विचारा. जेवत असेल तर डबा हलका द्या, एक पोळी आणि चटणी पुरे. ही योजना आठवीपर्यंतच असते, त्यामुळे मुलाला पूर्ण डबा लागतो. तो वाढीच्या वयाचा आहे, संध्याकाळी भूक भूक करणार. त्याला बिस्किटांऐवजी मूठभर भिजवून उकडलेले हरभरे कांदा-लिंबू पिळून द्या, नाहीतर फोडणीची भाकरी. भाकरी उरली की टाकायचा प्रश्नच नाही, मंद तव्यावर दाबून कडक करा. वाफ पूर्ण गेली असेल तर ती डब्यात कित्येक दिवस टिकते आणि आमटीत कुस्करून खायला मुलांनाही आवडते. मात्र आत मऊ राहिली तर पावसाळ्यात तिसऱ्या दिवशीच बुरशी धरते.

भाजीत आता अंबाडी, तांदुळजा, शेपू, दोडका, दुधी मिळतील. पालेभाजी दोन दिवसांचीच घ्या, पावसात ती लवकर सडते. लाल भोपळा अख्खा, देठासकट घ्या. न कापता तो महिनाभर सहज राहतो. कुणाच्या परसात शेवगा असेल तर पाला मागून आणायला संकोच करू नका, डाळीत दोन मुठी घातला तर भाजीचा एक दिवस वाचतो. जेवताना लिंबाची फोड असू द्या आणि चहा जेवणानंतर तासाभराने घ्या. लिंबामुळे डाळी-पाल्यातलं लोह अंगी लागतं, चहा ते अडवतो. नववीतल्या मुलालाही हे लागू आहे, आणि सगळ्यात जास्त तुम्हाला.

तुमच्याबद्दल थोडं स्पष्ट लिहितो. आम्ही धरलेल्या मापात तुमचा वाटा आहे. सगळ्यांचं झाल्यावर पातेल्यात उरेल ते पातळ वरण आणि चटणी-भाकरी खायची पद्धत तुमच्या घरात असेल, तर ३५० ग्रॅम डाळीचा हिशोब चौघांचा होतो आणि चार महिन्यांनी अंगात रक्त कमी झालेलं निघतं. स्वयंपाक झाला की वाढायच्या आधीच डाळ-उसळ पाच वाट्यांत काढून ठेवा, तुमची वाटी झाकून ठेवा.

सासूबाईंचं म्हणणं आम्हाला पटतं. वाळवण त्यांच्या हाताचं आहे, आणि सणाला नैवेद्याच्या ताटात कुरडई-पापड नसेल तर त्यांना वाईट वाटणारच. तेव्हा त्यांनाच विचारून आधी सणांचा वाटा वेगळ्या डब्यात काढा, त्यांच्या हातानेच मोजू द्या. उरलेल्या कुरडयांची महिन्यातून दोनदा भाजी करा : आठ-दहा कुरडया गरम पाण्यात मऊ होईस्तोवर भिजवा, निथळून कांद्यावर परता. कुरडई म्हणजे गव्हाचा चीक, तिच्यात पिठाशिवाय फारसं काही नाही, म्हणून मूठभर भिजवलेली मूगडाळ सोबत परता. सांडगे मात्र डाळीचेच असतात, ते कडधान्यातच मोजा. दीडशे ग्रॅम सांडग्यांची आमटी पाच जणांना होते, म्हणजे दीड किलोत दहा वेळा. ज्या आठवड्यात डाळ कमी पडेल, त्या आठवड्यासाठी ते राखून ठेवा. पापडाला जेवणात धरू नका. खायचा तर भाजून खा, तळणाचं तेल वाचतं.

रेशनचं एकदा तपासून घ्या. केशरी कार्ड असणं आणि प्राधान्य कुटुंबाच्या यादीत नाव असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यादीत नाव असलेल्या घराला माणशी महिना ५ किलो धान्य मोफत मिळतं. पाच जणांचं २५ किलो झालं, म्हणजे तुमची तूट भरून उरेल. शहरी भागात त्यासाठी वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये आहे. एवढ्या कमी उत्पन्नात तुमचं घर बसत नसेल तर त्यामागे वेळ घालवू नका.

हातातले पैसे आणखी कमी झाले, तर कात्री कुठल्या क्रमाने लावायची तेही आत्ताच ठरवून ठेवा. आधी पोहे-रवा बंद करा, नाश्त्याला फोडणीची भाकरी आणि कण्या चालतात. मग साखर अर्धी करा, तीन किलो गूळ आहेच. त्यानंतर तेल अडीच लिटरवर आणा. तरीही भागलं नाही तर दूध एक लिटरवरून पाऊण करा आणि ते आधी दोन्ही मुलांना द्या. डाळीचे ५५० आणि पालेभाजीचे पैसे शेवटपर्यंत हलवू नका.